रिक्षाच्या हद्दीतली मुंबई

सदर : पायपीट

मुंबईत पाच-सहा तास हातात असलेला माणूस पहिलं नाव घेतो ते गेटवेचं. नागपूरहून सकाळी उतरलेला आणि रात्री दुबईला जाणारा असो, साताऱ्याहून व्हिसाच्या कामाला येऊन बाराच्या आत मोकळा झालेला असो, की मुलीला सोडायला लातूरहून सुमो करून आलेलं अख्खं घर असो, उत्तर तेच. मग टॅक्सी, वांद्र्याची कोंडी, सी-लिंक, कुलाब्यात गाडी लावायला जागा नाही म्हणून दोन फेऱ्या, गेटवेसमोर एक फोटो, आणि घड्याळ बघत परत. सहापैकी चार तास काचेआडून जातात. घरी गेल्यावर ‘काय बघितलंत?’ असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ‘पुढच्या गाडीचे मागचे दिवे’ हे असतं, पण तसं कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं की, हातात सहा तास किंवा त्याहून कमी असतील तर जिथपर्यंत रिक्षा जाते तिथपर्यंतच जावं. मुंबईत रिक्षाला हद्द आहे. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि मध्य रेल्वेच्या अंगाला शीवच्या पुढे तिला परवानगी नाही, तिथून पुढे टॅक्सीचं राज्य. परिवहन खात्याने वेगळ्याच कारणाने आखलेली ही रेघ थोडक्या वेळाच्या पाहुण्याला अगदी मापात बसते. रेघेच्या अलीकडे, विमानतळाला चिकटून, अंधेरी आहे. गेटवे पुरा झाला 1924 मध्ये. अंधेरीतल्या ज्या दोन जागांबद्दल मी लिहिणार आहे त्यातली एक सुमारे दोन हजार वर्षांची, आणि दुसरीचं वय मोजायला कोटीचा आकडा लागतो.

‘अंधेरीत बघण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न बाहेरच्यांपेक्षा अंधेरीकरच जास्त विचारतात. त्यांचा दोष नाही. रोज सकाळी साडेआठला ज्याला पुलावरच्या गर्दीतून फलाट गाठायचा आहे, त्याला आपल्या गावात टेकडी आहे की लेणं आहे याची चौकशी करायला सवड नसते. पाहुण्याला ती असते.

आधी वेळेचा हिशोब, कारण इथेच सगळे फसतात. सहा तास म्हणजे सहा तास नव्हेत. उतरून सामान घेऊन दाराबाहेर येण्यात पाऊण तास जातो. पुढचं विमान देशातलंच असेल तर दोन तास आधी परतायचं. उरले सव्वातीन. पुढचं विमान परदेशी असेल तर आणखी एक तास वजा करा. त्यातून जाण्यायेण्याचा एक तास काढला की प्रत्यक्ष पायांना मिळतात सव्वा ते सव्वादोन तास. एवढ्या वेळात एकच जागा नीट होते. दोन होतील असं वाटतं, आणि मग दोन्हीकडे घड्याळच बघितलं जातं. जागा निवडताना तिथे कसं जाता येईल हे बघू नका, तिथून परत कसं येता येईल ते बघा. जाताना उशीर झाला तर चहा हुकतो, परतताना झाला तर विमान.

अंधेरीत वेळ खाणारी गोष्ट अंतर नाही, रेल्वेचे रूळ आहेत. पूर्व आणि पश्चिम ही इथे दोन गावं आहेत आणि त्यांच्यामधला रस्ता हा गेली काही वर्षं महापालिकेच्या करमणुकीचा विषय होता. गोखले पुलाचा पादचारी भाग 3 जुलै 2018 रोजी रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पाडण्यासाठी बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. मग बर्फीवाला पूल उचलून जोडावा लागला. मे 2025 मध्ये एकदाचं सगळं सुरू झालं. (गंमत अशी की, ‘सुधारक’ पत्रात आगरकरांनी मराठी आणि गोखल्यांनी इंग्रजी बाजू सांभाळली होती, इथे पूर्वेच्या बस डेपोपाशी आगरकर चौक आहे आणि हाकेच्या अंतरावर गोखले पूल. दोघांची भेट घडवायला महापालिकेला इतकी वर्षं लागली.) पूल झाला तरी पाहुण्याने रस्त्याने रूळ ओलांडण्याच्या भानगडीत पडू नये. 8 जून 2014 रोजी सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो हे काम काही मिनिटांत करते. साडेअकरा किलोमीटरही नसलेली, बारा स्थानकांची ही मार्गिका मुंबईतली पहिली मेट्रो. ती झाली नसती तर मी हा लेख लिहायला धजलो नसतो. मरोळ नाक्याला ती भुयारी मेट्रो 3 ला मिळते, आणि मेट्रो 3 चं एक स्थानक थेट विमानतळाच्या टी-2 टर्मिनलपाशी आहे. म्हणजे विमानतळ ते अंधेरी पश्चिम हा प्रवास आता सिग्नलशिवाय होतो.

पहिली जागा गिल्बर्ट हिल. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला ‘गावदेवी डोंगरी’ म्हणा. भाडं 26 रुपयांच्या किमान आकड्यापासून फार पुढे जात नाही. भवन्स कॉलेजच्या अंगाला, इमारती आणि झोपड्यांच्या मधून, 61 मीटरचा काळाकभिन्न सुळका एकदम अंगावर येतो. तो आधी दिसत नाही, कारण आजूबाजूला त्याच्यापेक्षा उंच टॉवर झालेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचं पठार ज्या लाव्हाने घडलं त्या काळातला हा बेसाल्ट. रस थंड होताना आकसला, उभ्या भेगा पडल्या आणि दगडाचे खांब तयार झाले. कड्याकडे तिरक्या उन्हात बघितलं तर एकमेकींना चिकटून बांधलेल्या पेन्सिलींची जुडी वाटते. पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे झाले तो हाच सुमार.

अशा उभ्या खांबांचे सुळके जगात मोजके. अमेरिकेत वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध. 1906 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं, आणि त्या देशातलं ते पहिलंच. आपण आपल्याकडच्या टेकडीची खडी केली. चहूबाजूंनी दगड काढून झाल्यावर जो मधला गाभा उरला तो आजचा गिल्बर्ट हिल. भूशास्त्राच्या लोकांनी बराच काळ आरडाओरडा केल्यावर 2007 मध्ये महापालिकेने त्याला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवलं. तरी पायथ्याची घरं कड्याला पाठ लावून उभी आहेत, आणि स्टेशनपासून इथपर्यंत रस्ता सांगणारी एक धड पाटी नाही. वर जायला दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत. माथ्यावर गावदेवीचं आणि दुर्गेचं अशी दोन देवळं आणि थोडी झाडं. खरं तर ही देवळं होती म्हणूनच डोंगर वाचला असं मला वाटतं. आपल्याकडे दगडाला शास्त्रज्ञांपेक्षा देवीचा आधार जास्त असतो. वरून पश्चिमेला वर्सोव्याकडचे टॉवर आणि त्यांच्या फटीत समुद्र दिसतो. चढून, बसून, उतरून सगळं तासाभरात होतं. वेळ कमी असलेल्याने हेच करावं. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना मात्र खालूनच कडा दाखवा, पायऱ्या उभ्या आहेत.

दुसरी जागा पूर्वेला, आणि माझं पारडं तिच्या बाजूला झुकतं. महाकाली गुंफा हे नाव रिक्षावाल्यापासून बसच्या पाटीपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, कारण एक मोठा रस्ताच त्या नावाचा आहे. त्या रस्त्यावर कचेऱ्या आहेत, हॉटेलं आहेत, रोज हजारो माणसं त्यावरून जातात. रस्ता शेवटी कुठे पोचतो हे त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलं नाही. मूळ नाव कोंडिवटे. एकोणीस बौद्ध लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत खोदत गेलेली. चार एका अंगाला, पंधरा दुसऱ्या अंगाला. दगड खडबडीत आणि ठिसूळ, त्यामुळे वेरूळसारखी कलाकुसर इथे टिकली नाही, आणि जो वेरूळ डोक्यात ठेवून येतो तो निराश होतो. इथे यायचं ते नवव्या लेण्यासाठी. हे चैत्यगृह आहे, पण कार्ल्या-भाज्यासारखं लांबट, खांबांच्या ओळींचं नाही. पुढे साधी चौकोनी खोली, आणि तिच्या टोकाला दगडात कोरलेली एक गोल खोली, जणू खोलीतच बांधलेली झोपडी. तिच्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप. लाकूड-गवताच्या गोल कुटीची ही दगडात उतरवलेली आठवण. बिहारमधल्या बराबर टेकड्यांतल्या मौर्यकालीन लेण्यांचा आराखडा याच जातीचा आहे; आपल्याकडे लेणी शेकड्यांनी असून असा नमुना क्वचित. खिडकीजवळ ब्राह्मी लिपीत एक लेख आहे: गोतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान केल्याचा. ब्राह्मणाने बौद्ध भिक्षूंना घर दिलं आणि भावाचं नाव सोबत जोडलं, एवढं त्या ओळीत आहे. मला लेण्यांतले राजांचे लेख फारसे खेचत नाहीत, असे मात्र खेचतात.

स्टेशनच्या पूर्वेला आगरकर चौकातून महाकालीकडे बेस्टची बस मिळते. मेट्रोने आलात तर उतरून रिक्षा. उजेड असेपर्यंतच जा. काम चालू असलेल्या मेट्रो 6 वर ‘महाकाली गुंफा’ नावाचं स्थानक व्हायचं आहे. ते झालं की निदान नकाशावर तरी लेणी येतील. त्याच्या अलीकडे जोगेश्वरीची गुंफा आहे, सहाव्या शतकातली. वॉल्टर स्पिंक या लेण्यांच्या अभ्यासकाने तिला भारतातलं पहिलं मोठं हिंदू लेणं मानलं आणि लांबीच्या हिशोबात सर्वांत मोठंही. वस्तीने ती चारी बाजूंनी वेढली आहे, आत पाणी झिरपतं, अंधार असतो. तरी देवीची पूजा चालू आहे आणि सकाळी माणसं येतात. महाकाली आणि जोगेश्वरी एकाच दिवशी करायचा मोह होतो. वरचा हिशोब आठवा.

ज्यांना दगडांत रस नाही त्यांनी मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला जावं. वर्सोवा हे स्थानक समुद्रावर नाही, सात बंगल्याजवळ आहे, त्यामुळे ‘मेट्रोतून उतरलो की चौपाटी’ असं समजू नका. तिथून रिक्षा घेऊन वेसाव्यात शिरा. नकाशावर वर्सोवा, पण कोळ्यांच्या तोंडी वेसावाच. गल्ल्या अरुंद आहेत, रिक्षावाला वाटेतच सोडून देतो, आणि तेच बरं. पावसाळा सरल्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले दिसतील. वास सोसवत नसेल तर परत फिरा, पण नाकाला रुमाल लावून कुणाच्या घरासमोर उभं राहू नका. धक्क्यावर मढला जाणारी बोट मिळते. खाडी इतकी अरुंद की बोटीत बसल्याबसल्या पलीकडचं गाव येतं. मोटरसायकली, माशांच्या टोपल्या आणि शाळेची पोरं एकाच फळीवर. मढच्या टोकाचा वेसाव्याचा किल्ला पोर्तुगीजांचा. 1739 च्या वसई मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाकडे आहे आणि आत जाता येत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी पुढे जाऊ नका. बोटीने जा, चहा घ्या, बोटीनेच या. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की, 2015 मध्ये अफरोज शाह या वकिलाने साफसफाई सुरू केली तेव्हा तिथे वाळूपेक्षा प्लास्टिक जास्त होतं, आणि 2018 मध्ये तिथेच ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. नंतर कचरा पुन्हा आला, पुन्हा उचलला गेला. हे काम संपणारं नाही.

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात. त्या दिवसांत वेसाव्यात ताजी मासळी शोधू नका. मोठा पाऊस लागला तर अंधेरीचा सबवे पाण्याखाली जाऊन बंद होतो, ही मुंबईतली वार्षिक बातमी आहे, आणि गिल्बर्ट हिलच्या पायऱ्याही निसरड्या होतात. तेव्हा छप्पर शोधावं. सगळ्यात जवळचं छप्पर खुद्द टी-2 चं. 2014 मध्ये उघडलेल्या या टर्मिनलच्या भिंतींवर राजीव सेठी यांनी मांडलेल्या ‘जय हे’ संग्रहात पाच हजारांहून अधिक कलावस्तू आहेत. जुन्या वाड्यांची कोरीव दारं, तावदानं, देवळांची तोरणं. लोक त्यांच्यासमोरून ट्रॉल्या ढकलत जातात आणि ड्युटी-फ्रीत थांबतात. दुसरं छप्पर नाटकाचं. दुपार-संध्याकाळ मोकळी असेल आणि विलेपार्ल्यात दीनानाथला प्रयोग लागलेला असेल तर मराठी माणसाला अडीच तास घालवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. जुहूचं पृथ्वी 1978 पासून चालू आहे. तिथे प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्या. रिक्षात अडकलो हे कारण मुंबईत कुणी ऐकून घेत नाही.

गेटवेचा हट्टच असेल, बरोबर लहान मूल असेल आणि त्याने पुस्तकात तो पाहिलेला असेल, तर आता त्यालाही वाट आहे, हे मान्य करायला हवं. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत 33.5 किलोमीटर पूर्ण धावते. टी-2 ला बसून हुतात्मा चौकाला तासाच्या आत उतरता येतं. म्हणजे माझी रिक्षाची हद्द भुयारातून ओलांडली गेली. आठ तास असतील तर जरूर जा. सहा असतील तर मी अजूनही म्हणेन, राहू द्या. भुयारातून गेलेल्या माणसाला मधली मुंबई दिसत नाही.

आता तक्रार. थोडक्या वेळाचा पाहुणा फिरत नाही याचं खरं कारण त्याच्या हातातली बॅग आहे. अमेरिकेहून येऊन पुढे नागपूरला जाणारे सुटतात: मुंबईत कस्टम झालं, सामान पुन्हा विमान कंपनीच्या हवाली केलं की हात मोकळे. पण परीक्षेला, मुलाखतीला, आरामनगरात ऑडिशनला बाहेरगावाहून आलेल्या पोरांचं काय? त्यांच्या पाठीवर दोन दिवसांचे कपडे असतात आणि काम तासाभरात संपतं. रेल्वेच्या सामानघरात कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि मोठ्या टर्मिनसना सोडलं तर सामानघर शोधायलाच अर्धा तास जातो. मेट्रोच्या स्थानकांवर दुकानांना गाळे काढलेत, त्यात कुलूपबंद कपाटांची एक रांग बसली असती. स्वच्छतागृहांची गोष्ट तीच. बाईमाणसाने अंधेरीत कुठे जावं याचं सगळ्यात खात्रीचं उत्तर आज मेट्रो स्थानक हे आहे. उरलेल्या अंधेरीने या प्रश्नाकडे पाठ केली आहे.

आणि रात्रीचं तर बोलूच नका. परदेशी विमानं बरीचशी रात्री सुटतात. लातूरची ती सुमो एक-दीडला टी-2 वर पोचते, तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत, दारातच मिठ्या मारून होतात आणि मुलगी काचेआड जाते. मग आजी, काका, दोन चुलत भावंडं आणि डोळे चोळणारा ड्रायव्हर. तेव्हा लोकल बंद, मेट्रो बंद, लेणी-डोंगर अंधारात. अशा वेळी ‘जरा मुंबई बघून जाऊ’ म्हणणाऱ्या काकांना आवरा. ड्रायव्हरला दोन तास झोपू द्या, उजाडल्यावर निघा. परतीचा घाटरस्ता जागरणावर चढण्यासारखा नाही.

शेवटी एक जागा, जी या लेखातल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. सीप्झच्या कुंपणाच्या आत, निर्यातीच्या कारखान्यांमध्ये, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं पोर्तुगीज चर्च आहे: 1579 मध्ये जेझुइटांनी बांधलेलं, 1840 च्या साथीनंतर ओस पडलेलं. छप्पर गेलंय, दर्शनी भिंत उभी आहे, झाडांची मुळं कमानींत शिरलीत. एरवी आत जायला सीप्झचा पास लागतो. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सणाच्या मिस्सेसाठी ते लोकांना उघडतं, आणि मरोळ-कोंडिवट्याची ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं आपल्या जुन्या चर्चमध्ये जमतात. त्यांच्या गप्पा मराठीच्याच एका बोलीत चालतात, कान दिलात तर कळतील. तुमची मधली वेळ नेमकी त्या रविवारी पडली असेल तर गिल्बर्ट हिल, महाकाली, वेसावा सगळं बाजूला ठेवा. ओळखपत्र खिशात असू द्या, आणि दारावर विचारलं तर सरळ ‘सणाला आलोय’ म्हणून सांगा.

– पायपीटकर